गुडघ्याएवढी राणी

आधीच सांगून टाकते, मी अशा गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या सौंसरकडे कोणाला ताप आला की आधी नजर उतरवतात आणि मग डॉक्टरकडे नेतात... माझी आई त्यातलीच, आणि मी तिला हसत हसत मोठी झाले. या सदरातले लोकांचे अनुभव वाचतानाही मी मनात म्हणते — झोप झाली नसेल, नाहीतर शुगर वाढली असेल. आता माझ्याबद्दल तुम्ही तेच म्हणणार. म्हणा. माझी शुगर नॉर्मल आहे.

मी मध्य प्रदेशात पांढुर्ण्याला राहते आणि इथल्या एका खासगी शाळेत ड्रॉइंग शिकवते. शाळेचं नाव देत नाही. लग्नाआधी सौंसरला भावाच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करायचे. लग्न उशिरा झालं, बिजवराशी. आमचे हे माझ्याच शाळेत इतिहास शिकवतात. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सरच म्हणते. त्यांची पहिली बायको माधुरी आजारपणात गेली. ती या शाळेत ड्रॉइंगची मॅडम होती. म्हणजे तिची नोकरी मला मिळाली, तिचं घर मिळालं, तिचा ओटा, तिची सासू, तिचा नवरा... सगळं मला मिळालं, आणि तरी ते सगळं तिचंच राहिलं.

आमच्यात एक रीत आहे. पहिली गेलेली असेल, तर दुसरीच्या गळ्यात तिचा टाक बांधतात. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली, हात जोडून उभी असलेली बाई. मंगळसूत्राच्या आत काळ्या दोऱ्यात तो घालायचा, आणि रोज आंघोळ झाली की आधी तिला हळदकुंकू लावायचं, मग स्वतःला. म्हणजे पहिलीचा जीव शांत राहतो म्हणे. सासूबाईंनी लग्नाच्या दिवशीच माझ्या गळ्यात तो बांधला. चार वर्षं मी रोज सकाळी माझ्या सवतीला हळदकुंकू लावलं. प्रेमानं लावलं असं काही म्हणणार नाही.

जिवंत सवत परवडली. तिच्याशी भांडता येतं. तिचे केस पांढरे होतात, ती जाड होते, कधीतरी तिची भाजी करपते. मेलेल्या बाईचं काहीच करपत नाही. मी चहा केला की सर एक घोट घेऊन म्हणणार, माधुरी इलायची घालायची. सासूबाई तर बोलायला लागल्या की प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आमची माधुरी'पासून. मला सर 'अगं' म्हणायचे. नावानं हाक मारायची झाली तर आधी एक क्षण थांबायचे. ओठांवर कोणाचं नाव येत होतं ते मला कळायचं, आणि पोटात आग पेटायची. इलायचीचं ते पहिल्यांदा ऐकलं, त्या दिवसापासून मी चहात इलायची घातलेली नाही.

घरचं परवडलं, पण शाळेत तिची भिंत होती.

वरच्या मजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये, समोरची पूर्ण भिंत तिनं मुलांना हाताशी धरून रंगवली होती. इजिप्तचं देऊळ. दोन्ही बाजूंना कमळाच्या कळ्यांसारखे खांब, मध्ये सिंहासनावर बसलेला राजा, त्याच्यापुढे नैवेद्य घेऊन आलेल्या माणसांच्या रांगा, डोक्यावर पंख पसरलेलं गिधाड. राजाच्या शेजारी राणी. राणीचा चेहरा माधुरीनं स्वतःचाच काढला होता असं जुनी मुलं सांगायची. राणीच्या डोक्यापाशी एक लांबट गोल होता, त्यात चित्रलिपीत नाव. पक्षी, हात, तोंड, असं काय काय. तेही तिचंच नाव. आलेला प्रत्येक पाहुणा हॉलमध्ये नेला जायचा आणि सांगितलं जायचं, ही आमच्या माधुरी मॅडमची भिंत. मी शेजारी उभी. ड्रॉइंगची मॅडम म्हणून.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्याकडे साहेब लोकांचं येणं-जाणं वाढलंय. दसऱ्यानंतर शाळेत मोठं प्रदर्शन भरणार होतं. त्या वर्षी पावसात भिंतीला ओल धरली आणि खालचा रंग पोपडे होऊन सुटायला लागला. पोळ्याची गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरची दगडफेक, झाली, गणपती बसले, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, मॅडम, ती भिंत नवी करून टाका. ते संत्र्याचे व्यापारी. राजाचा चेहरा थोडा त्यांच्या वडलांसारखा येईल का, तेही विचारलं. मी हो म्हटलं. भिंत माझ्या हातात येत होती, राजाला मी कोणाच्याही मिशा लावल्या असत्या.

मग मी अभ्यासाला बसले. सरांची पुस्तकं होतीच. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं. त्यांच्या चित्रांत तोंड बाजूनं, पण डोळा समोरून. पाय बाजूनं, पण खांदे समोरून. मला वाटायचं त्यांना जमत नसेल. तसं नव्हतं. मेल्यानंतर माणसाला त्या चित्रातच राहायचं असतं, म्हणून त्याचा एकही अवयव लपायला नको, असा त्यांचा विश्वास. मूर्ती घडली की तिचं तोंड उघडायचा विधी करायचे, आपण प्राणप्रतिष्ठा करतो तसा. त्यानंतर ती जेवायची, श्वास घ्यायची. देऊळही असं बांधायचे की दरवाजा डोंगराएवढा, आणि आत जावं तसं छत खाली येतं, जमीन वर चढते, अंधार वाढतो. शेवटच्या खोलीत देव, आणि तिथं जायचा हक्क फक्त राजाला आणि त्याच्या पुजाऱ्याला. बाकीच्या लोकांनी बाहेरूनच भिंतीवरचा राजा बघायचा. तो शत्रूचे केस धरून उभा, आणि शत्रू त्याच्या पोटरीएवढे.

हे तर मला भावाच्या दुकानापासून माहीत होतं. चौकातला कुठलाही फ्लेक्स बघा. नेता कमरेपासून वर, अख्ख्या फ्लेक्सभर. त्याच्या वरचे नेते कोपऱ्यात, पण मानानं. आणि खाली वाटाण्याएवढी डोकी, ओळीनं. कोणाचं डोकं केवढं ठेवायचं यावरून दुकानात हातघाईवर आलेली माणसं मी पाहिलीत. इजिप्तवाल्यांचंही तेच होतं. जो मोठा तो मोठा. आणि राजाची बायको? बहुतेक पुतळ्यांत ती राजाच्या पायाशी उभी. गुडघ्याएवढी.

मला पाहिजे होतं ते सापडलं. माधुरीनं राणी राजाएवढी काढली होती. चूक होती ती, पुस्तकात लिहिलेली चूक!

संध्याकाळी मी सरांना पुस्तक दाखवलं. म्हटलं, राणी पुसून गुडघ्याएवढी काढावी लागेल, येणारे साहेब शिकलेले असतात. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अबू सिंबेलले दोन देवळं आहेत," ते म्हणाले. "लहान्या देवळाच्या दारात राजानं राणीले आपल्याएवढीच उभी केली. मीच सांगितलं होतं माधुरीले."

म्हणजे ती चूक नव्हती. ती त्या दोघांची गोष्ट होती. ही बसली असेल ब्रश घेऊन, हे बसले असतील पुस्तक घेऊन, आणि ठरवलं असेल दोघांनी की राणी राजाएवढी. मी रात्रभर कूस बदलत राहिले. तोवर पुसू की नको असं थोडं होतं, ते सकाळपर्यंत गेलं.

गणपती गेल्यावर लगेच काम सुरू केलं. पितृपक्ष लागला होता. सासूबाई म्हणाल्या, पक्षात नवीन काम काढू नये. मी म्हटलं, नवीन कुठं, जुनंच आहे. राणीचा रंग मी स्वतः खरवडला, ते काम कोणाला दिलं नाही. पुट्टी भरली, घासली, प्रायमरचे हात मारले. आधी नावाचा गोल पुसला, मग डोळा. पुस्तकात वाचलं होतं, नवा राजा आला की जुन्याचं नाव पुतळ्यावरून छिलून स्वतःचं कोरायचा. ज्याचं नाव पुसलं तो दुसऱ्यांदा मेला, आणि आता कायमचा. वाचताना मला त्या राजांचा राग आला नव्हता, हे लिहिते आणि पुढे जाते.

राणीच्या जागेवर मी राजाचं सिंहासन मागे वाढवलं आणि गिधाडाचा एक पंख खाली उतरवला. छान भरली जागा. राजाच्या पायाशी गुडघ्याएवढी एक राणी काढली, घाईत, काही समोर न ठेवता. तिच्याजवळच्या गोलात चित्रलिपीत माझं नाव टाकलं. नवी भिंत, नवं नाव. हिंदी शिकवणाऱ्या गीता मॅडम बघायला आल्या, आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, लहान राणीला तुमचंच नाक आलंय की. मी बघितलं. खरंच होतं, आमच्या घराण्याचं पोपटनाक. रागाच्या भरात मी स्वतःलाच गुडघ्याएवढी काढून ठेवली होती. म्हटलं, करू नंतर दुरुस्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून टाकाला हळदकुंकू लावायला बोट टेकवलं, आणि बोटाला काही लागलं नाही. चार वर्षांत त्या उठावाची बोटाला सवय झाली होती... डोकं, जोडलेले हात, पदराची कड. आता नुसता गुळगुळीत पत्रा. खिडकीपाशी जाऊन पाहिलं. बाई नव्हती. मला वाटलं झिजली असेल. माझ्याच बोटांनी झिजवली. हसूसुद्धा आलं मला.

त्या दिवसापासून घर बदललं. आधी लक्षात आलं नाही, कारण जे होत नाही ते पटकन दिसत नाही. सरांनी चहा घेतला आणि कप ठेवला. काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाईंनी वालाच्या शेंगा निवडताना शेजारणीला अख्खी गोष्ट सांगितली, आणि त्यात 'आमची माधुरी' आलीच नाही. शाळेत एक पालक आले, त्यांना गीता मॅडम म्हणाल्या, ही आमच्या शुभांगी मॅडमची भिंत. शुभांगी मी. हे कान चार वर्षं त्यासाठी तरसले होते.

आणि सर मला नावानं हाक मारायला लागले. न थांबता. शुभांगी, माझा रुमाल कुठाय. शुभांगी, बस जरा. रविवारी आपणहून स्कूटर काढली आणि मला तिगावच्या रस्त्यानं फिरायला नेलं. संत्र्याच्या बागांमधून जाताना गाडी हळू चालवत होते. मी मागे बसून मनात म्हणत होते, बाई, जिंकलीस. उगाच कशाला लपवू, तेवढं सुख मला कधी झालं नव्हतं.

परत येताना रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली. सरांनी मान वळवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मले तं आठवतच नाही शुभांगी, तू यायच्या आधी मी संध्याकाळी काय करत होतो."

हेच ऐकायला मी चार वर्षं जळत होते. ऐकलं, आणि त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मालगाडी जात राहिली, मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. काहीतरी चुकलंय एवढंच कळलं.

दोन दिवसांनी अविधवा नवमी होती. नवरा जिवंत असताना जी बाई गेली तिचं श्राद्ध त्या दिवशी करतात, तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात, ओटी भरतात. दर वर्षी सासूबाई आठ दिवस आधीपासून तयारीला लागायच्या, आणि मी दर वर्षी दात-ओठ खात वाढायचे. या वर्षी काहीच हालचाल नाही. शेवटी मीच विचारलं, आई, नवमीला कोणाला सांगायचं?

"कायची नवमी व?" सासूबाई तांदळातले खडे काढत होत्या, हात थांबला नाही. "आपल्या घरात कोन गेलं सवाष्ण?"

मला वाटलं वय झालं. दिवाणखान्यात माधुरीचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. मी सरांना तिथं नेऊन उभं केलं. विचारलं, या कोण? सरांनी फोटोकडे पाहिलं. विसरलेला माणूस डोकं खाजवतो ना, तसंही काही नाही. ओळखीचं पाहिलं, एवढंच.

"ड्रॉइंगच्या मॅडम ना? चांगल्या होत्या बिचाऱ्या. लवकर गेल्या," ते म्हणाले. "शाळेनं देला असन फोटो."

असं म्हणून ते पेपर वाचायला बसले. नवमी तशीच गेली. दुपारी आम्ही पोळी-भाजी खाल्ली.

आता मी तुम्हाला सांगते तो माणूस कोण होता. माधुरी नागपूरच्या दवाखान्यात होती तेव्हा हा माणूस व्हरांड्यात सतरंजी टाकून महिनोन्‌महिने झोपला होता. बिनपगारी रजा काढून. तिच्या तोंडाला चव नव्हती म्हणून सीताबर्डीवरून रोज नवीन काहीतरी आणायचा, आणि ती घासभर खायची. हे सगळं मला शेजारपाजारच्यांनी सांगितलंय, मला जळवायलाच सांगितलं असेल. मी जळतही होते. पण खरं सांगू? सौंसरला ते मला बघायला आले तेव्हा मी होकार दिला तो याच माणसाला. बायको गेल्यावर ज्याचं अर्धं अंग गेल्यासारखं झालंय, अशा माणसाला. तो असा मनानं आपला झाला तर काय होईल, हा लोभ होता मला. आणि आता समोर पेपर वाचत बसलेला माणूस, त्याचं कोणीच गेलं नव्हतं.

प्रायमरच्या दोन हातांनी जर ते सगळं पुसलं जात असेल, तर माझं काय? माझ्यासाठी तर तो कुठल्या व्हरांड्यातही झोपलेला नाही. इजिप्तच्या त्या राजांचंही असंच व्हायचं, पुसणाऱ्याचंही नाव पुढचा येऊन पुसायचा. उद्या मी गेले, तिसरी आली, तिच्या हातात ब्रश असला... ड्रॉइंगच्या मॅडम ना? चांगल्या होत्या बिचाऱ्या.

मी फोटो खिळ्यावरून काढला आणि पिशवीत घालून शाळेत नेला. घरात कोणी विचारलं नाही की फोटो कुठे गेला. सर्वपित्री अमावस्या जवळ आली होती. ज्याचं श्राद्ध तिथीला राहून गेलं त्याचं त्या दिवशी करता येतं. तोवर ती भिंतीवर परत आलीच पाहिजे, असं माझ्या डोक्यानं घेतलं. का, ते विचारू नका. काही मंत्र-तंत्र नव्हता, डोक्यात फक्त हिशेब होता — पुसल्यानं गेली, तर काढल्यानं येईल.

गिधाडाचा पंख पुसला, सिंहासन मागे घेतलं. मग अडचण आली. फोटो समोरून काढलेला, आणि मला चेहरा पाहिजे बाजूनं. माधुरीला मी कधी पाहिलेलंच नाही. जुन्या भिंतीवरचा तिचा चेहरा मीच खरवडला होता, आणि तो आठवायला गेले की नुसता पांढरा प्रायमर दिसायचा. घरातल्या अल्बममध्ये तिचा बाजूनं एकही फोटो नव्हता, सगळीकडे कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. विचारणार कोणाला? ज्याला ठाऊक होतं त्याला ती शाळेतली एक मॅडम होती. मग फोटोकडे बघत अंदाजानं कपाळ उतरवलं, नाक, हनुवटी. बघता बघता कळलं की तिची एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर होती, आणि हसताना ती ओठ दाबायची. चार वर्षं तो फोटो समोर होता, मी नीट पाहिलाच नव्हता. सुंदर होती. त्याचाही राग आला मला, पण हात चालू ठेवला. राजापेक्षा दोन बोटं कमी काढावी असं फार वाटत होतं. नाही काढली. बरोबरीनं काढली. कान रंगवताना ब्रशचा एक काळा थेंब कानाखाली पडला. पुसायला फडकं घेतलं, पण आता पुसायची धास्तीच बसली होती. राहू दिला. तिच्या डोक्यापाशी नवा गोल काढून त्यात तिचं नाव परत लिहिलं.

अमावस्येच्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज आला. सासूबाई ओट्यापाशी उभ्या, डोळे लाल.

"नवमी राहून गेली व आपली माधुरीची," त्या म्हणाल्या. "माह्या ध्यानात कशी नाही आली? तू काहून नाही बोलली?"

बोलले होते, असं म्हणायचा मोह झाला. डाळ भिजत घातली. सर आत आले, रिकाम्या खिळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, माधुरीचा फोटो कुठाय? मी म्हटलं, शाळेत आहे, काम होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं परत आलेलं दिसत होतं, नागपूर, व्हरांडा, सगळं. माणूस एका रात्रीत म्हातारा झाल्यासारखा वाटला. पण ओळखीचा वाटला. त्या दिवशी सवाष्ण जेवली, ओटी भरली. खीर खाताना सासूबाई म्हणाल्या, आमची माधुरी यात खसखस घालायची. माझ्या पोटात आग पेटली, नेहमीची. इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सर हॉलमध्ये गेले. मी शिडी आवरत होते. ते राणीसमोर उभे राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. मग हात वर करून कानाखालच्या त्या थेंबाला बोट लावलं.

"हा तीळ तुले कोनी सांगितला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कोणी नाही, रंग सांडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही. गीता मॅडम म्हणतात, जुन्या भिंतीवरच्या राणीला तीळ नव्हता.

आता राहिली ती गुडघ्याएवढी राणी. माझ्या नाकाची. प्रदर्शनात साहेब आले, भिंत पाहून खूश झाले, अध्यक्षांनी राजाच्या नाकात आपले वडील ओळखले. मग त्यांनी विचारलं, मॅडम, राणी तर शेजारी आहे, मग पायाशी ही लहानी कोण? काढून टाका ना, उगाच गर्दी वाटते. मागे उभ्या असलेल्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या, कारण नाक सगळ्यांना ओळखू येतं. मी म्हटलं, अध्यक्षसाहेब, शास्त्र आहे ते, काढता येत नाही. राजाचं नाक कोणाचंही असो, आता सगळ्या गावासमोर माझा नवरा आणि माझी सवत सारख्या उंचीची, आणि मी गुडघ्यापाशी. रोज ते बघत शिकवते. वर ओल येऊ नये म्हणून दर पावसाळ्याआधी गच्चीवरची फट स्वतः उभी राहून बुजवून घेते. पुसायची माझी हिंमत नाही.

टाक मात्र कोराच राहिला. सराफाकडे नेला. तो म्हणाला चांदी मऊ, घासून झिजते. मग त्यानं पत्रा उलटून पाहिला. ठोकून उठवलेल्या टाकाला मागून खोलगट भाग असतो. तोही नव्हता. तो म्हणाला, ताई, हा ठोकलेलाच नाही, कोरा पत्रा आहे. बाई उठवून देऊ का? मी नको म्हटलं. तसाच घालते, तसंच हळदकुंकू लावते. सासूबाईंच्या बोटांना तो माझ्या लग्नात कसा उठावदार लागला होता ते त्यांना आठवतं, सरांनाही तो आणताना त्यावरची बाई पाहिलेली आठवते. मग ती बाई गेली कुठे? आणि भिंत पुसल्यावर एका घरातली दोन माणसं एकदमच कशी विसरली, आणि एकदमच त्यांना कसं आठवलं? पितृपक्ष, मनाचे खेळ, माझा मत्सर... तुम्ही सांगाल ते सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. एकही पूर्ण बसत नाही.

परवा अंगणात बसलो होतो. मी सरांना म्हटलं, हे बघा, मी तुमच्या आधी गेले तर तिसरीच्या गळ्यात माझा टाक बांधायचा. सराफाला सांगायचं, चेहरा चांगला ठसठशीत ठोक. आणि पूर्ण उंचीची बाई पाहिजे.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग हसले. डोळ्यांत पाणी होतं.

"माधुरीबी हेच म्हणाली होती," ते म्हणाले. "असंच. पूर्ण उंचीची बाई पाहिजे म्हणे."

मी उठले आणि चहा ठेवला. इलायची घातली नाही.